रॅप-काव्य आणि आमचा कान

“हें गाणें नव्हे आणि काव्य तर नव्हेच, ही नुसती तालावरची बडबड आहे,” असा अभिप्राय रॅप या गीतप्रकाराविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतो. अभिप्राय देणारीं माणसें अरसिक नसतात. अभंग त्यांच्या नित्य पाठांत असतात, भावगीतें त्यांच्या ओठांवर असतात, नाट्यपदांतील एखादी जागा चुकली तर त्यांच्या कपाळाला आठी पडते. तेव्हां त्यांचें मत अज्ञानाचें म्हणून बाजूस सारणें बरें नव्हे. याच्या उलट दुसरा एक वर्ग आहे. गरीब वस्तींतील मुलें बोलूं लागलीं, हीच गोष्ट त्याला एवढी मोठी वाटते कीं, तीं काय बोललीं व कसें बोललीं हें पाहण्याची गरजच त्याला भासत नाहीं. पहिला वर्ग या गाण्याला दारांतूनच परत पाठवितो. दुसरा पाठ थोपटून निरोप देतो. कवितेची कविता म्हणून परीक्षा दोघांकडूनही होत नाहीं.

ती करून पाहावी, या हेतूनें प्रस्तुत लेखांत मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळीच्या दोन कृति घेतल्या आहेत: २०१९ सालचें ‘द वारली रिव्होल्ट’ हें गीत आणि २०२० सालीं निघालेला ‘चेतावनी’ हा गीतसंग्रह. लेख चिचगडाहून लिहिला जात आहे, यालाही थोडें महत्त्व आहे. चिचगड हें गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यांतील, छत्तीसगडच्या सीमेजवळचें, रानानें वेढलेलें गांव. एके काळीं ही जमीनदारी होती; १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. धान, मोह आणि तेंदूपान यांवर येथील पुष्कळ संसार चालतात. गोंडी, झाडीबोली आणि छत्तीसगढी वळणाची हिंदी या परिसरांत शेजारीं शेजारीं नांदतात. मोबाइलमुळें मुंबईच्या वस्तींत रचलेलें गाणें आतां त्याच दिवशीं येथपर्यंत पोहोंचूं शकतें. तें येथील तरुणाला काय देऊं शकेल, हा प्रश्न आम्हांस केवळ साहित्यचर्चेचा वाटत नाहीं. त्याच्या बोलीच्या अब्रूचा वाटतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं जमैकांत जन्मलेल्या कूल हर्क या तरुणानें एका नाचाच्या कार्यक्रमांत तबकड्या वाजविल्या. तबकडींतील गायनाचा भाग टाळून केवळ तालाचा तुकडा लांबवीत नेण्याची युक्ति त्यानें प्रचारांत आणली, आणि तो दिवस हिप-हॉप या चळवळीचा जन्मदिवस मानला जातो. अशा फिरत्या तालावर बोललेलें पद्य म्हणजे रॅप. पुढें या पद्याचा मोठा बाजार झाला. आणि बाजारांतील बडेजावापासून दूर राहून सारा भार शब्दावर टाकणारी एक शाखाही वाढली. तिला ‘अंडरग्राउंड’ म्हणतात. येथें भूमिगत याचा अर्थ पोलिसांपासून लपलेला असा नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या पेढीबाहेरचा, एवढाच आहे. एमएफ डूम व मॅडलिब यांचा ‘मॅडव्हिलनी’ (२००४) हा त्या शाखेचा मान्यवर नमुना होय. त्यांतील बहुतेक गीतांना ध्रुपदच नाहीं. यमकांची मात्र एवढी दाटी आहे कीं, एका श्रवणांत तीं सगळीं हातीं लागत नाहींत. विद्वानांच्या दरबारांतही या प्रकाराला आतां जागा मिळाली आहे. २०१८ सालीं केंड्रिक लामार यांच्या ‘डॅम’ या संग्रहाला संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. अभिजात संगीत व जाझ यांच्या बाहेर तें पारितोषिक त्यापूर्वीं कधीं गेलें नव्हतें.

‘स्वदेशी’ ही मंडळी याच भूमिगत शाखेची आहे. मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत तिची रचना चालते. अक्लेश सुतार हे ‘एमसी मवाली’ या नांवानें लिहितात व म्हणतात. गुजरातींत रचना करणारे धर्मेश परमार ‘एमसी तोडफोड’ या नांवानें ओळखले जात. मार्च २०२२ मध्यें अवघ्या चोविसाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें, आणि मंडळीचा एक सच्चा कवि गेला. तिसरे सौरभ अभ्यंकर. ते अमरावतीचे, म्हणजे आमच्या विदर्भाचेच. त्यांनीं आपलें नांव शंभराचा आंकडा व त्यापुढें इंग्रजी आर-बी-एच हीं अक्षरें असें लिहिलें आहे. शंभर म्हणजे ‘सौ’. पुढचीं अक्षरें जोडलीं कीं ‘सौरभ’. जुन्या कूटांची आवड असलेल्या वाचकाला ही गंमत सहज कळेल. ‘मवाली’ आणि ‘तोडफोड’ हीं नांवेंही विचारपूर्वक घेतलेलीं दिसतात. सभ्य समाज ज्या शब्दानें हिणवितो, तोच शब्द पाटीवर लिहून दाराला लावावा, असा हा प्रकार आहे.

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. ही बडबड आहे काय? रॅपचें एक आवर्तन चार ठोक्यांचें असतें. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले म्हणजे सोळा बारीक मात्रा होतात. आपल्या पादाकुलकाच्या एका चरणाच्या मात्राही तेवढ्याच. अशीं सोळा आवर्तनें मिळून बहुधा एक कडवें होतें. परंतु पादाकुलकांत सोळाही मात्रा अक्षरांनीं भराव्या लागतात. रॅपचा कवि कांहीं मात्रा मुद्दाम रिकाम्या सोडतो आणि कांहींत अक्षरांची गर्दी करतो. यमक चरणाच्या शेवटीं असतेंच. शिवाय चरणाच्या पोटांत तें दोनदां-तीनदां येऊन जातें. महत्त्वाचा शब्द समेवर ठेवावा, कीं समेच्या किंचित् आधीं किंवा नंतर टाकून श्रोत्याला चुकवावें, हेंही कवीनें ठरविलेलें असतें. तबलजी ज्यांना अनाघात आणि अतीत म्हणतो, त्याच या खुब्या. श्वास कोठें घ्यावयाचा, हादेखील रचनेचाच भाग. म्हणून असें पद्य कागदावर नुसतें डोळ्यांनीं वाचलें तर विस्कळीत दिसतें. ज्यानें माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ चाळली आहे, त्याला ही परिभाषा परकी वाटूं नये. फक्त वृत्त कागदावर नव्हे, ठोक्यावर मोजावें लागेल.

‘स्वदेशी’च्या तरुणांनीं या बाबतींत मेहनतही घेतली आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ या उपक्रमांत त्यांनीं कर्नाटक पद्धतीच्या बोलांचें, म्हणजे कोन्नकोलचें, शिक्षण घेतलें. २०१९ सालच्या ‘गली बॉय’ या चित्रपटांतील ‘इंडिया ९१’ हें गीत त्याच सहकार्याचें फळ. तोंडानें म्हणावयाचे मृदंगाचे बोल आणि रॅपचे शब्द एकाच ठोक्यावर तेथें एकमेकांत मिसळतात, तेव्हां ‘परदेशी’ हा शिक्का कितपत टिकतो, याचा वाचकांनींच निर्णय करावा.

मराठी साहित्याच्या जाणकाराला येथें अठराव्या शतकांतील अमृतरायांचे कटाव आठवल्याशिवाय राहणार नाहींत. तीच धांवती लय, तीच अनुप्रासांची आतषबाजी, दम राखून एका झपाट्यांत म्हणण्याची तीच कसरत. अनंत फंदींचा फटका आठवेल. त्यांतील समोरच्याला खडसावून सांगण्याचा सूर रॅपमध्यें आहे. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आठवतील, आणि १९४४ च्या लाल बावटा कलापथकांतील अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर हे शाहीरही आठवतील. परंतु ‘हें तर आपल्याकडे पूर्वींच होतें’ एवढें म्हणून थांबणें म्हणजे नव्या कृतीला जुन्या कपाटांत कुलूपबंद करणें होय. साम्याइतकाच भेदही पाहावा. कटावकार श्रीकृष्णाची वा द्रौपदीची कथा सांगतो. पोवाड्याचा नायक शाहिराहून वेगळा असतो. लावणींतील ‘मी’ पुष्कळदां पुरुष शाहिरानें रचलेली नायिका असते. रॅपमधला ‘मी’ मात्र बोलणारा स्वतःच असतो. त्याची गल्ली खरी, त्याची भूक खरी, आणि त्यानें गीतांत गोंवलेलें नांवही त्याचेंच. असा ‘मी’ आपल्या परंपरेंत ठळकपणें कोठें भेटतो? अभंगाच्या शेवटच्या चरणांत, संतांच्या नाममुद्रेंत. लय कटावाची आणि साक्ष अभंगाची, असा हा मिलाफ आहे. संतकवीची साक्ष देवापुढें असते. याची समाजापुढें असते, एवढा फरक.

‘द वारली रिव्होल्ट’ हें गीत या कसोटीला चांगलें उतरतें. मुंबईच्या आरे वनांतील आदिवासी पाड्यांचे प्रकाश भोईर यांचा गळा त्यांत ‘स्वदेशी’च्या शब्दांबरोबर आहे. ज्या वर्षीं हें गीत आलें, त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरच्या रात्रीं मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेमधील झाडें तोडण्यास आरंभ झाला. दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं, आणि ७ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पुढील तोड थांबविली. नांवांतील ‘रिव्होल्ट’ हा शब्द आणखी मागें नेतो. १९४५ सालीं ठाणे जिल्ह्यांत वारल्यांनीं वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हां माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथामुळें मराठी घरांना परिचित आहे. मात्र त्या ग्रंथांत वारल्यांची कहाणी त्यांच्यासाठीं झटणाऱ्या एका थोर, सुशिक्षित बाईच्या लेखणींतून येते. या गीतांत आदिवासी स्वतः गातो, आणि शहरांतील कवि त्याच्या बाजूस उभे राहून बोलतात. कोणी कोणाच्या वतीनें बोलत नाहीं. गीताचें काव्यगुण आम्हांस या मांडणींत दिसतें. गायनाचा स्वर संथ व लांबट, रॅपचा शब्द तुटक व घाईचा. एका स्वराला रानाचा वेळ आहे, दुसऱ्याला शहराचा. दोन्ही एकाच ठोक्यावर चालतात, तरी त्यांची चाल वेगळी राहते, आणि गीताचा विषय जो संघर्ष, तो अर्थ कळण्याआधींच कानाला जाणवतो. ज्या रचनेंत आशय लयींतून प्रकट होतो, तिला काव्य म्हणावयाचें नसेल तर तो शब्द कशासाठीं राखून ठेवावयाचा?

‘चेतावनी’विषयीं इतक्या निःशंकपणें लिहितां येत नाहीं. संग्रहाचें नांवच इशारा देणारें आहे, आणि अन्याय, राजकारण, लोभ, विसरलेली माणसें असे त्याचे विषय आहेत. अनेक कवि, अनेक भाषा आणि एकच रोख, हें त्याचें बळ. एका कडव्यांतून दुसऱ्यांत जातांना भाषा बदलते, तेव्हां मुंबईच्या लोकलगाडींत डबा बदलल्याचा भास होतो. शहराचें खरें बोलणें असेंच असतें, आणि तें इतकें विनासंकोच आपल्या छापील साहित्यांत क्वचितच उतरलें आहे. परंतु संग्रह सलग ऐकला म्हणजे एक उणीव जाणवते. रोषाला जेथें ठिकाण आहे, माणूस आहे, वस्तु आहे, तेथें शब्द रुततो. जेथें तो ‘व्यवस्था’ नांवाच्या चेहराहीन शत्रूवर जातो, तेथें ठोका आणि यमक चोख असूनही ओळ घोषणेकडे झुकते. सभेंत घोषणेचें काम मोठें आहे. पण दुसऱ्यांदा ऐकतांना घोषणा नवें कांहीं देत नाहीं, आणि कविता देते. ‘वारली रिव्होल्ट’ला एक रान आहे, ‘चेतावनी’ला सारें जग आहे, आणि एवढें मोठें जग सोळा आवर्तनांच्या कडव्यांत मावणें कठीण. हा दोष दाखविणें म्हणजे त्या तरुणांचा अवमान नव्हे. जो दोष आपण एखाद्या नांवाजलेल्या कवीला निःसंकोच दाखविला असता, तोच त्यांना दाखविणें हा त्यांचा खरा मान आहे.

आणखी एक आक्षेप भाषेविषयीं असतो. या प्रकारांत शिव्या फार आणि आत्मस्तुति त्याहून फार, असें म्हणतात. पुष्कळ रॅपच्या बाबतींत तें खरें आहे, आणि शिवी जेव्हां केवळ यमकाची जागा भरण्यासाठीं येते, तेव्हां ती पाद्यपूरणाच्या ‘तो’, ‘हा’, ‘की’ यांहून श्रेष्ठ नसते. पण शब्दाच्या सभ्यतेवरून काव्य नाकारण्याची घाई आपण पूर्वींही केली आहे. मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९५२ सालीं ते निर्दोष ठरले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ सालीं आला, तेव्हां त्यांतील शब्द पुष्कळ वाचकांना समजलेच नाहींत, आणि तरी आज त्याच्यावांचून मराठी कवितेचा इतिहास लिहितां येत नाहीं. शिवाय ही निरुपद्रवी बडबड असती, तर सत्तेनें तिची दखल घेतली नसती. २०२३ सालीं राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपकारांवर त्यांच्या राजकीय गीतांवरून पोलिसांत गुन्हे दाखल झाले, हें वाचकांस आठवत असेल.

आतां चिचगडाकडे परत येऊं. आमच्या या झाडीपट्टींत शब्दाची व नाट्याची भूक कमी नाहीं. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते. दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारीं नाटकें होतात. देसाईगंज-वडसा हें त्या नाटकमंडळ्यांचें केंद्र, आणि त्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा अभ्यास करून तिला साहित्यांत जागा मिळवून देण्यासाठीं आयुष्य वेंचलें. इतकें असूनही शाळेंत मूल तोंड उघडतें तेव्हां त्याची बोली ‘अशुद्ध’ ठरते, आणि मराठी रंगभूमीवर व चित्रपटांत बोली बहुधा नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. नायक प्रेम करतो, रागावतो, मरतो, तो प्रमाणभाषेंत.

येथें रॅपच्या छंदःशास्त्रानें एक चमत्कार करून दाखविला आहे. झाडीबोलींत ‘ळ’ नाहीं, त्याच्या जागीं ‘र’ येतो; ‘ण’ नाहीं, त्याच्या जागीं ‘न’ येतो. प्रमाण मराठींत ‘काळा’ या शब्दाला ‘माळा’, ‘शाळा’ असेच सोबती शोधावे लागतात. झाडीबोलींत तो ‘कारा’ झाला कीं ‘वारा’, ‘चारा’, ‘पसारा’ हे सारे त्याच्या पंक्तीला येऊन बसतात. ‘डोळा’ ‘डोरा’ होतो आणि ‘दोऱ्या’शीं त्याची गांठ पडते, ‘फळ’ ‘फर’ होतें आणि ‘घरा’शीं जुळतें, ‘पाणी’ ‘पानी’ होतें आणि ‘राजधानी’शीं यमक साधतें. पाणी आणि राजधानी! ज्या मुलखाच्या वांट्याला राजधानीचें लक्ष क्वचित् येतें, तेथील कवीला हें यमक त्याची बोली फुकट देते, आणि शुद्ध बोलणाऱ्याला तें मिळत नाहीं. वऱ्हाडींतही ‘काळा’ ‘काया’ होतो आणि ‘माया’, ‘छाया’ त्याला भेटतात. अमरावतीच्या कवीपाशीं ही शिदोरी उपजतच असते. ज्या काव्यप्रकाराचा सारा प्राण यमकांत व उच्चारांत आहे, त्यांत ज्याला आपण अशुद्ध उच्चार म्हणतों तोच कवीचें भांडवल ठरतो. भावगीतांत बोली गोडव्यासाठीं चिमूटभर घालतां येते. रॅपमध्यें ती संबंध लागते, कारण तेथें माणूस बोलतो तसाच बोलला नाहीं, तर ठोका त्याला लगेच उघडें पाडतो.

म्हणून ‘स्वदेशी’च्या कृतींचें मोल आम्ही त्यांच्या विषयांवरून ठरवीत नाहीं. आरेची झाडें, वारल्यांचे हक्क, गरिबांचा क्षोभ हे विषय थोर आहेत. परंतु थोर विषयावर सामान्य पद्य लिहिणारे आपल्याकडे कधींच कमी नव्हते. या तरुणांनीं दाखविलें तें असें कीं, जी भाषा घरांत, गल्लींत, पाड्यावर बोलली जाते, तिच्यांत कडक शिस्तीचें पद्य रचतां येतें, आणि तें रचतांना ती भाषा धुऊन-इस्त्री करून घ्यावी लागत नाहीं. हें ध्यानांत आलें म्हणजे चिचगडच्या मुलानें मुंबईच्या उच्चाराची नक्कल करण्याचें कारण उरत नाहीं. त्यानें तशी नक्कल केली, तर तें त्याच्या गीताचें पहिलें अपयश समजावें, आणि तसें त्याला स्पष्ट सांगावें.

आमच्या वाचकांना एवढीच विनंति आहे कीं, घरांतील मुलगा वा मुलगी असें एखादें गीत ऐकत असेल, तर तें तीनदां ऐकावें. पहिल्यांदा अर्थाकडे लक्ष न देतां बोटांवर ठोके मोजावेत. दुसऱ्यांदा यमकें कोठें कोठें पडतात, तीं टिपावींत. शेवटचीं नव्हेत, मधलीं. तिसऱ्यांदा अर्थ ऐकावा, आणि मग न आवडल्यास तसें मोकळ्या मनानें म्हणावें. झाडीबोलींतील असा एखादा संपूर्ण संग्रह उद्यां आमच्यापुढें आला, तर त्याचीही परीक्षा याच रीतीनें व्हावी. तो आमच्या मुलखाचा आहे म्हणून त्याला एकही गुण अधिक नको, आणि त्यांत ‘काळा’ ‘कारा’ झाला म्हणून एकही गुण कमी नको.